ओकिनावा ते बाणेर : टेकडीवरच्या एका कोळ्याच्या नावाचा इतिहास

१/
पुण्याच्या बाणेर टेकडीवर आढळलेल्या एका छोट्या कोळ्याचे शास्त्रीय नाव आहे ‘ओकिनाविशियस टेकडी’. पहिला शब्द जपानच्या दक्षिणेकडील एका बेटावरून आला आहे. दुसरा शब्द थेट पुणेकरांच्या रोजच्या बोलण्यातला. ‘जरा टेकडीवर जाऊन येतो’ म्हणून पहाटे घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडी असतो, तोच हा शब्द. हे दोन शब्द एकमेकांशेजारी कसे येऊन बसले? त्याचे उत्तर शोधू लागले की पॅरिस, वज्रकरूर, पाषाण, खंडाळा, बुडापेस्ट आणि वॉर्सा अशी सव्वाशे वर्षांहून मोठी मुशाफिरी घडते. हा धागा त्या मुशाफिरीचा.

२/
प्रथम या प्राण्याची ओळख. हा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. कुळाचे नाव सॅल्टिसिडी. सहा हजारांहून अधिक जाती असलेले हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कूळ आहे. हे कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाहीत. दबा धरतात, अंतर जोखतात आणि झेप घेतात. झेप घेताना मागे एक रेशमी धागा बांधलेला असतो. नेम चुकला, तर गिर्यारोहकाच्या दोराप्रमाणे तोच त्यांना सावरतो. घरातल्या भिंतीवर थबकून, मान वळवल्यासारखे करून माणसाकडे रोखून पाहणारा चिमुकला कोळी अनेकांनी पाहिला असेल. तो याच कुळातला.

३/
त्या रोखून पाहण्याला कारण आहे. या कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांतले समोरचे दोन विलक्षण मोठे असतात. त्या दोन डोळ्यांची रचना दुर्बिणीच्या नळीसारखी असते. बाहेरचे भिंग स्थिर राहते आणि आतला दृष्टिपटल हलतो. उरलेले डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात. झेपेमागचे बळही निराळे आहे. मागचे पाय ताठ करण्यासाठी शरीरातील द्रवाचा दाब वापरला जातो. स्नायूंपेक्षा हे काम द्रवदाबावर अधिक चालते.

४/
आता नावाकडे. मराठी विज्ञानलेखनात ‘जाती’ म्हणजे एक विशिष्ट प्राणी आणि ‘प्रजाती’ म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून हा भेद येथे आधीच स्पष्ट केलेला बरा. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. घराण्याचे आडनाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर, असा हा क्रम. त्यापुढे नाव देणाऱ्या अभ्यासकाचे आडनाव आणि वर्ष लिहिण्याची रीत आहे.

५/
प्राण्यांना अशी द्विपदी नावे देण्याची अधिकृत सुरुवात स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजतात. मात्र कोळ्यांपुरता एक अपवाद केलेला आहे. कार्ल क्लर्क या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासकाने १७५७ साली स्वीडनमधील कोळ्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली नावे इतकी नेटकी होती, की लिनियसच्या आधीची असूनही ती नियमात ग्राह्य धरली गेली. ज्या काळात पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता, त्या काळात युरोपात कोळ्यांची जन्मनोंद सुरू झाली.

६/
पुण्याच्या परिसरातील प्राण्यांची पद्धतशीर नोंद त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, पेशवाई बुडाल्यावर झाली. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२४ साली मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमला गेला. शेती, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करत तो दख्खनभर हिंडला आणि हिंडताना प्राणीही टिपत गेला. १८३१–३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कामकाजात त्याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या सूची प्रसिद्ध केल्या. एका चंडोलाला आजही इंग्रजीत त्याचे नाव आहे.

७/
पक्षी आणि पशू यांच्या नोंदीला असा लवकर आरंभ झाला. कोळी मात्र मागे राहिले. त्याची कारणे व्यावहारिक होती. पक्ष्याची कातडी सोलून, पेंढा भरून जहाजाने पाठवता येई. शिकारीच्या छंदाची त्याला जोड असे. चार-पाच मिलिमीटरचा कोळी मात्र मद्यार्कात बुडवून ठेवावा लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि तो ओळखू शकणारी माणसे तेव्हा जगभरात मूठभर होती. त्या मूठभरांतला सर्वांत मोठा माणूस पॅरिसमध्ये होता.

८/
त्याचे नाव यूजीन सिमाँ (१८४८–१९२४). स्वतः फारसे भारतात न हिंडता भारतातील कोळ्यांवर ज्याने अमाप लिहिले, असा हा फ्रेंच अभ्यासक. जगभरातून प्रवासी, मिशनरी, अधिकारी, अभियंते त्याच्याकडे बाटल्या पाठवीत. १८८५ साली त्याने दक्षिण आशियातील कोळ्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक मोठा संग्रह तत्कालीन बेल्लारी जिल्ह्यातील गुंतकलजवळच्या वज्रकरूर या गावचा होता. संग्राहक होता मॉरिस शापेर.

९/
वज्रकरूर हे नाव वाचताच अर्थ लक्षात येतो. हे हिऱ्यांचे गाव. शापेर हा फ्रेंच खाणतज्ज्ञ. हिरे मुळात कोणत्या खडकात तयार होतात, हा त्या काळचा गाजलेला प्रश्न त्याला तेथे घेऊन गेला होता. परतताना खडकांबरोबर त्याने विंचू आणि कोळीही नेले. भारतीय कोळ्यांच्या अभ्यासातील एक पायाभूत निबंध असा हिऱ्यांच्या शोधाच्या आनुषंगाने जन्मला. वसाहतकाळातील विज्ञान कसे घडत होते, याचा हा बोलका नमुना आहे. मालाच्या शोधात माणूस येई आणि ज्ञान त्याच्या सामानात जाई.

१०/
त्याच १८८५ साली सिमाँने ‘स्यूडिशियस’ नावाची प्रजाती स्थापन केली आणि भारतातील एका जातीला ‘स्यूडिशियस मॉडेस्टस’ असे नाव दिले. ‘इशियस’ ही प्रजाती त्याने आधीच, १८७६ साली, मांडली होती. नवी प्रजाती तिच्यासारखी दिसे, पण ती नव्हे. म्हणून ‘स्यूड’, म्हणजे खोटा. तोतया इशियसच म्हणावा! पानिपतानंतरच्या तोतया भाऊसाहेबाची कथा ठाऊक असलेल्या पुण्याला हे नाव समजायला जड जाऊ नये. ही प्रजाती या धाग्यात पुढे पुन्हा येणार आहे.

११/
या तोतयांच्या अंगी एक गंमतीचा गुण आहे. या गटातील कोळ्यांच्या डोळ्यांखाली बाजूला बारीक उंचवट्यांवर उभ्या राठ केसांची ओळ असते. पुढच्या पायाच्या आतल्या अंगालाही तशीच व्यवस्था असते. पाय डोक्यालगत घासला की केस केसांवर फिरतात. सारंगीवर गज फिरावा, तशी ही रचना आहे. ती कंपने निर्माण करण्यासाठी असावी, असे अभ्यासक मानतात. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाहीत, पण हा गट ओळखायला हीच सारंगी उपयोगी पडते.

१२/
सिमाँने वर्णन केलेले नमुने पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गइतिहास संग्रहालयात राहिले. येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या जातीला नाव देताना एक नमुना ‘प्ररूप’ म्हणून निवडला जातो. पुढे कधी शंका आली, तर त्या नमुन्याशी ताडून पाहावे लागते. मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांत जो फरक, तोच प्ररूप आणि इतर नमुन्यांत. भारतातील कोळ्यांचे मूळ दस्तऐवज पॅरिसला आणि लंडनला होते. ज्याच्या अंगणात कोळी, त्याच्याकडे कागद नाही, अशी ही अवस्था होती.

१३/
ती बदलण्याचा प्रयत्न १९१६ साली सुरू झाला. त्या वर्षी १ जुलैला कलकत्त्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल. स्वातंत्र्यानंतर तिचा विस्तार झाला आणि १९५९ साली पुण्यात तिचे पश्चिम विभागीय केंद्र सुरू झाले. आज ते आकुर्डीला आहे. पश्चिम घाट आणि दख्खनचे पठार यांच्या सीमेवर बसलेल्या पुण्याला आता स्वतःचा संग्रह, स्वतःची कपाटे आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळाला. लवकरच त्याला स्वतःचा कोळीतज्ज्ञही मिळाला.

१४/
बिनय कृष्ण टिकादार हे बंगाली प्राणिशास्त्रज्ञ पुण्याच्या केंद्रात काम करू लागले. १९६३ साली महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरचा त्यांचा निबंध पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. पुढच्या काळात त्यांनी भारतातील कोळ्यांच्या शेकड्याने जातींची वर्णने केली. ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालेतील कोळ्यांवरचे खंड १९८० आणि १९८२ साली आले, भारतीय कोळ्यांची हातपुस्तिका १९८७ साली. ते संपूर्ण संस्थेचे संचालकही झाले. भारतात कोळ्यांचा अभ्यास ही एक स्वतंत्र विद्या म्हणून उभी राहिली, तिचे मोठे श्रेय टिकादारांचे.

१५/
त्यांच्या नावांच्या यादीतून पुणे परिसराचा नकाशा उभा राहतो. १९७७ साली त्यांनी ‘खंडालाएन्सिस’ हे नाव दिले. १९७५ साली ‘पाशानेन्सिस’. ‘-एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय, अर्थ ‘त्या गावचा’. मराठीत ‘सातारकर’ किंवा ‘कोल्हापुरी’ म्हणावे तसा. खंडाळ्याचा आणि पाषाणचा कोळी आता लॅटिनच्या पंक्तीला बसला. आणि ते नाव देणारा माणूस पुण्यातच बसून लिहीत होता. सिमाँच्या काळापासून झालेला हा मोठा पालट होता.

१६/
पण येथेच इतिहास गुंतागुंतीचा होतो. खंडाळ्याच्या त्या कोळ्याला टिकादारांनी ‘फिडिपस’ या प्रजातीत घातले. १९७४ ते १९७७ या काळात त्यांनी आणखीही काही भारतीय कोळी फिडिपसमध्ये मांडले. फिडिपस ही मुळात उत्तर अमेरिकेतील प्रजाती. २००४ साली जी. बी. एडवर्ड्स यांनी या प्रजातीची समग्र उजळणी केली आणि ती अमेरिकेतली म्हणून निश्चित केली. मावळातल्या कोळ्याचे आडनाव अमेरिकेतल्या घराण्याचे ठरले होते, आणि तो त्या घराण्याचा नव्हता.

१७/
पाषाणच्या कोळ्याचेही तसेच काहीसे झाले. आज त्याचे नाव असे लिहितात : बायनॉर पाशानेन्सिस (टिकादार, १९७५). येथे कंस शोभेचा नाही. अभ्यासकाचे नाव आणि वर्ष कंसात असेल, तर त्याचा अर्थ असा, की नाव देणाऱ्याने ती जाती दुसऱ्याच प्रजातीत घातली होती आणि पुढे ती हलवली गेली. कंस नसेल, तर जाती मूळ घरातच आहे. एका कंसात सगळ्या स्थलांतराची नोंद! २००१ साली दिमित्री लोगुनोव यांनी बायनॉर आणि तिच्या जवळच्या प्रजातींची नव्याने व्याख्या केली, तेव्हापासून या गटाची मांडणी बरीच स्पष्ट झाली.

१८/
यावरून टिकादारांना उणे लेखणे अन्यायाचे ठरेल. उडी मारणाऱ्या कोळ्यांत जाती ठरते ती बहुधा जननेंद्रियांच्या बारकाव्यांवरून. नराच्या तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शपादांचे टोक आणि मादीच्या पोटाखालची कठीण पट्टी, हे या विद्येतले बोटांचे ठसे. ते ताडण्यासाठी मूळ प्ररूप हाती लागते, आणि प्ररूपे सातासमुद्रापार होती. परदेशी नियतकालिके उशिरा मिळत. छायाचित्रणाची आजची साधने नव्हती, रेखाटने हाताची होती. अशा परिस्थितीत एका माणसाने एका उपखंडाची नोंद करायला घेतली. काही नोंदी चुकीच्या खणात पडल्या, पण नोंद झाली म्हणून तर दुरुस्ती शक्य झाली.

१९/
आता दृश्य पोलंडमध्ये. येझी प्रुशिन्स्की या अभ्यासकाने आपले आयुष्य उडी मारणाऱ्या कोळ्यांना वाहिले. जगभरच्या संग्रहालयांतील प्ररूपे पाहायची, त्यांची अचूक रेखाटने करायची आणि ती सर्वांना खुली करायची, हा त्यांचा ध्यास. नावांतही त्यांची रसिकता दिसते. १९८९ साली त्यांनी सौदी अरेबियातील स्यूडिशियसच्या जातींना सिंदबाद आणि शहरजाद यांची नावे दिली. सिमाँच्या ‘तोतया इशियस’मध्ये एव्हाना आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या जाती येऊन साठल्या होत्या.

२०/
१९९२ हे या कथेतले महत्त्वाचे वर्ष. वॉर्सातून निघणाऱ्या नियतकालिकात त्या वर्षी प्रुशिन्स्कींचे दोन निबंध आले. एक अमेरिकेतील संग्रहांत पडून असलेल्या, जुन्या जगातील आणि प्रशांत महासागरी बेटांवरील कोळ्यांवर. दुसरा बुडापेस्टच्या हंगेरियन निसर्गइतिहास संग्रहालयातील भारतीय कोळ्यांवर. भारतातले कोळी या वेळी पॅरिसऐवजी बुडापेस्टच्या बाटल्यांत सापडले. त्या वर्षी त्यांनी नाव दिलेल्या जातींत एक होती ओकिनावाची, ‘ओकिनावाएन्सिस’, आणि दुसरी ‘दैतारिकस’. दैतारी हे ओडिशातील लोहखनिजाच्या खाणींचे ठिकाण. पुन्हा एकदा खाण आणि कोळी!

२१/
२०१६ साली प्रुशिन्स्कींनी एका निबंधात तब्बल १९ नव्या प्रजाती मांडल्या. त्यांतली एक ‘ओकिनाविशियस’. नावाची फोड सोपी आहे : ओकिनावा अधिक इशियस. प्रजातीची प्ररूप-जाती ओकिनावाची, म्हणून नाव त्या बेटाचे. दैतारीचा भारतीय कोळीही याच नव्या घरात आला. येथे बाणेरच्या कोड्याचा पहिला भाग सुटतो. पुण्याचा कोळी जपानहून आलेला नाही. ज्या घराण्यात तो बसतो, त्या घराण्याचे बारसे ज्या जातीवरून झाले, ती ओकिनावाची होती. वारसाहक्काने आलेले हे आडनाव आहे.

२२/
या मांडणीवर वादही झाला. प्रुशिन्स्कींनी आपल्या वर्गीकरणाला ‘व्यवहार्य’ म्हटले होते. रेखाटनांतील साम्यावरून गट करावेत, म्हणजे ओळख पटवणे सुलभ होते, ही त्यांची भूमिका. २०१९ साली काही अभ्यासकांनी त्यावर कठोर टीका केली. वर्गीकरण हे वंशवृक्षावर आधारलेले असले पाहिजे, केवळ सोयीवर नव्हे, हा त्यांचा मुद्दा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. कागदपत्रे विषयवार लावावीत की ती जेथून आली त्या मूळ दप्तरांप्रमाणे, या प्रश्नावर दप्तरखान्यांतही असेच तंटे झाले आहेत.

२३/
याच प्रुशिन्स्कींच्या नावाचा एक कोळी महाराष्ट्रात आहे. २०१४ साली मॅडिसन आणि पियासिक यांनी बोर्निओतील कोळ्यावरून ‘येझेगो’ ही प्रजाती स्थापली, ती येझी प्रुशिन्स्कींच्या सन्मानार्थ. ती ज्या उपकुळात मोडते, त्याचे जुने नातलग बाल्टिक प्रदेशातील कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे गोठलेल्या राळेत, सापडतात. काही वर्षांतच या प्रजातीची एक जाती मुंबईच्या परिसरात मिळाली. तिला वनाधिकारी सुनील लिमये यांच्या नावावरून ‘सुनीललिमये’ हे नाव मिळाले. एका पोलिश शास्त्रज्ञाचे नाव आणि एका मराठी वनाधिकाऱ्याचे नाव असे शेजारी आले.

२४/
नावांची रीत एव्हाना बदलली होती. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातील एका कोळ्याला ‘इशियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अजमल कसाबला पकडताना गोळ्या झेलून वीरगती पत्करणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांची ही स्मृती. प्रजाती तीच, सिमाँने १८७६ साली पॅरिसमध्ये मांडलेली. शिलालेख दगडावर कोरतात, वीरगळ गावाच्या वेशीवर उभारतात. येथे तोच मान एका जातीच्या नावात कोरला गेला. जोवर प्राणिशास्त्राच्या सूची राहतील, तोवर तो राहील.

२५/
आणि अलीकडच्या वर्षांत बाणेर. पुण्यातील तरुण अभ्यासकांनी या टेकडीवरील एक कोळी नवी जाती म्हणून ओळखला आणि तिला ‘टेकडी’ हे नाव दिले. या नावात एक गोष्ट उणी आहे आणि तेच त्याचे वैशिष्ट्य. त्याला ‘-एन्सिस’ हा प्रत्यय नाही. ‘बाणेरेन्सिस’ म्हणता आले असते. नियमांनुसार नाम जसेच्या तसे, विभक्ती न लावताही ठेवता येते, आणि ती मुभा येथे घेतली गेली. सिमाँचे ‘मॉडेस्टस’ निखळ लॅटिन होते. टिकादारांचे ‘पाशानेन्सिस’ हे मराठी गावाला लॅटिन झालर लावलेले. ‘टेकडी’ झालरीविना उभी आहे.

२६/
नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बाणेर आणि पाषाण ही शेजारची गावे, त्यांच्यामध्ये टेकडी. पाषाणच्या कोळ्याला नाव मिळाले १९७५ साली, टेकडीच्या कोळ्याला अलीकडे. मधले अंतर पायी चालण्याजोगे आणि चार दशकांहून अधिक! पुण्यासारख्या शहरात, जेथे शिक्षणसंस्था, प्रयोगशाळा आणि प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे, तेथेही चालण्याच्या अंतरावर अनाम प्राणी राहू शकतो. जे रोज दिसते, त्याची नोंद सर्वांत शेवटी होते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. राजांची पत्रे जपली जातात, घरातली जमाखर्चाची चोपडी रद्दीत जाते.

२७/
बाणेरची टेकडी स्वतःही इतिहासाचे पान आहे. तिचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. वर तुकाईचे देऊळ. पायथ्याला बाणेश्वराचे कोरीव लेणे. खुरटी झुडपे, गवत, विखुरलेली झाडे. अशा जागेला सरकारी भाषेत पडीक म्हणण्याची जुनी सवय आहे. घनदाट अरण्य नाही, शेती नाही, मग तेथे आहे तरी काय? त्या प्रश्नाला टेकडीवरच्या कोळ्याने दोन शब्दांत उत्तर दिले आहे.

२८/
हे उत्तर महत्त्वाचे ठरते, कारण टेकड्यांचे भवितव्य अजून वादात आहे. १९९७ साली पुणे महापालिकेत २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत बाणेरही होते. या गावांतील टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याचा निर्णय दीर्घ वादानंतर २०१५ साली राज्य सरकारने कायम केला. मोबदला, बांधकामाची मुभा, अतिक्रमणे यांवरचे वाद त्यानंतरही चालू राहिले. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील प्रस्तावित बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या विरोधात पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले.

२९/
नव्या जातीच्या वर्णनात प्ररूप नमुना कोठे मिळाला, ते ठिकाण नोंदवावे लागते. त्याला प्ररूपस्थान म्हणतात. पुढे कोणालाही त्या जातीविषयी शंका आली, तर तो त्या ठिकाणी जाऊन पुन्हा शोध घेऊ शकतो. म्हणजे प्ररूपस्थान हाही पुरावाच. टिकादारांची काही नावे अजून अभ्यासकांना कोड्यात टाकतात, तेव्हा मार्ग दोनच उरतात : जुना नमुना काढून पाहणे, किंवा खंडाळ्याला, पाषाणला जाऊन तो कोळी पुन्हा शोधणे. दुसरा मार्ग खुला राहायचा, तर तेथे गवत आणि झाड उरलेले असावे लागते.

३०/
थोडक्यात, ‘ओकिनाविशियस टेकडी’ या दोन शब्दांत तीन काळ आहेत. भारतातील कोळी बाटलीत भरून पॅरिसला आणि बुडापेस्टला जात होते, तो काळ. पुण्यात बसून एक माणूस साऱ्या उपखंडाचे खतावणीपुस्तक लिहू पाहत होता, तो काळ. आणि शहरातल्याच मुलांनी शहरातल्याच टेकडीवर वाकून पाहिले आणि आपल्याच भाषेत नाव दिले, तो काळ. मद्यार्कातला नमुना शंभर वर्षे टिकतो, पॅरिसच्या बाटल्यांनी ते सिद्ध केले आहे. टेकडी मात्र बाटलीत ठेवता येत नाही.